दुधाची तहान आणि ताक

डिसेंबर आला की आपल्या हॉस्टेलवर एकच कल्ला असतो. कुणाचं जर्नल अपुरं, कुणाच्या टर्मवर्कवर सरांची सही राहिलेली, तर एखादा महाभाग ओरलच्या आदल्या रात्री सिलॅबस कुठे मिळेल म्हणून सगळ्या खोल्या पालथ्या घालतोय! नेमके याच सुमारास तिकडे अमेरिकेत बारावीतल्या हजारो पोरापोरींचे डोळे एका वेगळ्याच निकालाकडे लागलेले असतात. त्या निकालात 'पास' आणि 'नापास' यांच्या अधेमधे आणखी एक शब्द असतो. तो शब्द म्हणजे 'डिफर्ड'. म्हणजे काय, तर तुम्हाला घेतलेलं नाही आणि नाकारलेलंही नाही. थांबा! आपल्या पुराणातला त्रिशंकू आठवतो ना? वर स्वर्गात जागा नाही आणि खाली यायची सोय नाही. अगदी तस्सं!

मित्रहो, 'आपण इथली इंजिनिअरिंगची पोरं, आपला या अमेरिकन त्रिशंकूशी काय संबंध?' असं तुम्ही विचाराल. संबंध आहे. एक तर आपल्यापैकी कित्येकांची मामे-मावस-चुलत भावंडं आज न्यू जर्सी नाही तर कॅलिफोर्नियात शाळेत आहेत. इथल्या ज्युनिअर कॉलेजातून थेट तिकडे डिग्रीला जाणारेही आता दिसू लागलेत. आणि दुसरं म्हणजे, हवं ते न मिळाल्यावर पुढची निवड कशी करायची हा प्रश्न काही फक्त अमेरिकेचा नाही. आपल्याही प्रत्येक खोलीत तो कॉटखालच्या ट्रंकेत पडलेला आहे. फक्त ती ट्रंक आपण उघडत नाही.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. तिथल्या बऱ्याच नामवंत कॉलेजांत प्रवेशाच्या दोन खिडक्या असतात. पहिली 'अर्ली'. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज आणि डिसेंबरच्या मध्यावर निकाल. दुसरी 'रेग्युलर'. जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज आणि मार्चअखेर निकाल. अर्लीमध्येही दोन जाती आहेत. 'अर्ली डिसिजन' म्हणजे साखरपुडाच समजा! असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा, आणि त्यांनी होकार दिला की बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊन तिथेच जायचं, असं विद्यार्थी, पालक आणि शाळेचा कौन्सेलर अशा तिघांनी सही करून द्यायचं. 'अर्ली ॲक्शन'मध्ये ही बांधिलकी नसते, निकाल तेवढा लवकर कळतो. दोन्हींत उत्तरं तीनच : हो, नाही आणि डिफर्ड. डिफर्ड झालं की तुमचा अर्ज उचलून रेग्युलरच्या ढिगात ठेवला जातो आणि मार्चमध्ये पुन्हा वाचला जातो. साखरपुडा मात्र मोडतो. म्हणजे अर्ली डिसिजनवाला विद्यार्थीही आता मोकळा, कुठेही अर्ज करायला आणि कुठेही जायला.

आता गंमत बघा. हे पत्र हातात पडलं की सतराअठरा वर्षांच्या पोराला वाटतं, आपल्यात काहीतरी कमी आहे. वस्तुतः त्या निर्णयात विद्यार्थ्याच्या लायकीइतकाच कॉलेजच्या हिशेबाचाही भाग असतो. कॉलेजला सगळा वर्ग 'बांधायचा' असतो. टीमला गोलकीपर हवा, ऑर्केस्ट्राला व्हायोलिनवाला हवा, अमुक राज्यातून कुणीच नाही, तमुक विषयाला गर्दी झाली. खेळाडू म्हणून आधीच हेरलेली आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं बरीचशी अर्लीतूनच येतात. (ॲमहर्स्ट कॉलेजने २०२१ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देणं बंद केलं. सगळ्यांनी काही केलेलं नाही.) कधी त्यांना बारावीच्या पहिल्या सहामाहीचे मार्क बघायचे असतात. आणि कधी कधी तर डिफर्ड म्हणजे निव्वळ सौजन्याने दिलेला नकार असतो. पत्रावरून यातलं नेमकं काय ते कळत नाही!

या अर्ली पद्धतीवर खुद्द कॉलेजांचाही भरवसा डळमळलेला आहे. २००६ मध्ये हार्वर्डने अर्ली प्रवेश बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण काय दिलं, तर या पद्धतीचा फायदा ज्यांना आधीच सगळं मिळालेलं आहे त्यांनाच होतो. पाठोपाठ प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानेही तेच केलं. आणि २०११ मध्ये तिघांनीही ती पद्धत पुन्हा सुरू केली! का? कारण बाकीच्या कॉलेजांनी बंद केलीच नव्हती, आणि चांगले विद्यार्थी तिकडे आधीच सह्या करून मोकळे होत होते. ज्या पद्धतीबद्दल तिच्या मालकांनाच पाच वर्षांत दोनदा मत बदलावं लागलं, तिच्या एका पत्रावरून आपली किंमत ठरवायची म्हणजे कमालच नाही का?

पण खरी अडचण पत्र येण्यात नाहीच. ती आहे पत्रानंतरच्या पंधरवड्यात. डिसेंबरच्या मध्यावर पत्र आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाकीच्या कॉलेजांच्या मुदती. मधल्या पंधरा दिवसांत, तेही नाताळच्या सुट्टीत, दुखावलेल्या मनाने नवी यादी करायची. इथे मी 'लिबरल आर्ट्स कॉलेज' नावाच्या पाहुण्याला आत आणते. कारण या पंधरवड्यात अनेक घरांत ती कॉलेजं यादीत शिरतात, पण मागच्या दाराने. 'मोठ्या युनिव्हर्सिटीचं काही खरं दिसत नाही, मग असू दे दोनचार छोटी कॉलेजं.' म्हणजे गाजराची पुंगी! वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही कॉलेजं पुंगी म्हणून निवडू नयेत. निवडायची तर गाणं आवडतं म्हणून निवडावीत.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझी मामेबहीण न्यू जर्सीत वाढली. २०२३ च्या डिसेंबरात तिला तिच्या लाडक्या युनिव्हर्सिटीने डिफर केलं. (नाव सांगत नाही. नाव सांगितलं की सगळे नावावरच बोलतात.) त्यानंतर जी कौटुंबिक परिषद भरली ती थेट डोंबिवलीपर्यंत पसरली होती. तिच्या फिजिक्सच्या सरांनी तिला तीनचार लिबरल आर्ट्स कॉलेजं सुचवली होती. मामी म्हणाली, "आर्ट्स? बारावीपर्यंत कॅलक्युलस घेऊन आता आर्ट्स साइडला जाणार?" मामा म्हणाला, "ऑफिसात एकानेही नाव ऐकलेलं नाही." डोंबिवलीहून आजीने फोनवर विचारलं, "अगं पण तिथे नोकरी लागते का?" आणि माझ्या आईने नेहमीप्रमाणे समारोप केला, "आता दुधाची तहान ताकावर भागवायची, दुसरं काय!" तिकडे बिचारी विचारत होती, "ताई, तू तरी सांग. तू इंजिनिअरिंगला आहेस ना?"

मी इंजिनिअरिंगला आहे म्हणून मला काय कळणार होतं, देव जाणे! पण तेव्हापासून मी या कॉलेजांबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि एक एक गैरसमज गळत गेला.

पहिला गैरसमज नावाचा. 'लिबरल आर्ट्स' म्हणजे आपली कला शाखा नव्हे. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना हे नाव होतं त्या अशा : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल. सातापैकी दोन तर सरळ सरळ गणितंच आहेत! आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, कॉम्प्युटर सायन्स हे सगळं शिकवतात. फरक एवढाच की फिजिक्सवाल्याला इतिहासाचा किंवा संगीताचा वर्गही गंभीरपणे करावा लागतो, आणि मुख्य विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाअखेर ठरवायचा असतो. आपल्याकडे तो सतराव्या वर्षी कॅप राउंडच्या कट-ऑफने ठरतो. कुणाची मेकॅनिकल आवडीने आलेली आणि कुणाची कॉम्प्युटरची सीट अर्ध्या मार्काने हुकल्यामुळे, हे आपण सगळे जाणतोच.

दुसरा गैरसमज : 'कुणी नाव ऐकलेलं नाही, म्हणजे कॉलेज बेताचं असणार.' याचं उत्तर मला सापडलं तेव्हा मी एकटीच हसले. आपण अमेरिकन युनिव्हर्सिट्यांची नावं कुठून ऐकतो? एमएसला गेलेल्या सीनिअर्सकडून! जीआरई, एसओपी, रेको, आणि मग टेक्सास, ॲरिझोना, पर्ड्यू. लिबरल आर्ट्स कॉलेजं मात्र मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवतात. तिथे आपल्या कामाचं एमएस जवळपास नसतंच. मग आपल्या सीनिअर्सच्या तोंडी ती नावं येणार कशी? ज्या दुकानात आपण कधी गेलोच नाही, त्या दुकानात माल नाही असं म्हणण्यातला हा प्रकार आहे. तिथली 'यूएस न्यूज'वाली प्रसिद्ध यादीसुद्धा या कॉलेजांची क्रमवारी युनिव्हर्सिट्यांपासून वेगळी लावते. मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या यादीत विल्यम्स किंवा स्वार्थमोर शोधाल तर सापडणारच नाही. ते दुसऱ्या पानावर आहे!

आणि पीएचडीचे विद्यार्थी नाहीत याचा फायदा कुणाला? पदवीच्या पोरांना. प्राध्यापकाला लॅबमध्ये मदतनीस हवा असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाच घेणार. वर्ग वीसेक जणांचे आणि शिकवायला स्वतः प्राध्यापक. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात (स्थापना १७९३, विद्यार्थी सुमारे दोन हजार) 'ट्युटोरिअल' नावाची पद्धत आहे. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. दर आठवड्याला एकाने निबंध किंवा उत्तर लिहून आणायचं आणि दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. पुढच्या आठवड्यात उलट. विचार करा, इथे मागच्या बाकावर डुलक्या काढायची सोयच नाही. मागचा बाकच नाही!

पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोरची गोष्ट तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. १९२२ पासून तिथे 'ऑनर्स' नावाचा प्रकार चालतो. शेवटच्या दोन वर्षांत छोट्या गटांतून सेमिनार करायचे आणि अखेरीस परीक्षा घ्यायला दुसऱ्या विद्यापीठांतले तज्ज्ञ येतात. लेखी आणि तोंडी, दोन्ही. म्हणजे आपली एक्स्टर्नल व्हायवाच की! फरक इतकाच, की आपल्याकडे एक्स्टर्नल आले की नाश्त्याला काय ठेवायचं यावर चर्चा होते, आणि तिथे शिकवणारा प्राध्यापक विद्यार्थ्याच्या बाजूचा होतो. दोघं मिळून बाहेरच्या परीक्षकाला तोंड देतात. शिकवणारा आणि मार्क देणारा वेगळा केला की नातंच बदलतं. आपल्या स्टाफरूमने यावर विचार करायला हरकत नाही. (सर, मॅडम, राग मानू नये!)

तिसरा गैरसमज मामीचा : 'मग सायन्सचं काय?' इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत आपण हॉल-हेरॉल्ट पद्धत घोकली आहे. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा, वीज सोडायची आणि ॲल्युमिनिअम मिळवायचं. यातला हॉल म्हणजे चार्ल्स मार्टिन हॉल. तो १८८५ मध्ये ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. ॲल्युमिनिअम स्वस्तात काढणारा माणूस श्रीमंत होईल, हे त्याला तिथल्या ज्युएट नावाच्या प्राध्यापकाने सांगितलं होतं. पदवीनंतर दुसऱ्याच वर्षी, १८८६ मध्ये, बाविसाव्या वर्षी घरामागच्या शेडमध्ये त्याने ते करून दाखवलं. ओबरलिन हे लिबरल आर्ट्स कॉलेज आहे. चौदा मार्कांचं उत्तर लिहिताना हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास. आयसीच्या दोन जनकांपैकी एक रॉबर्ट नॉइस, १९४९ चा ग्रिनेल कॉलेजचा पदवीधर. ग्रिनेल कुठे आहे? आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध. आज तिथे साधारण सतराशे विद्यार्थी आहेत. ट्रान्झिस्टर नुकताच जन्मला होता तेव्हा तिथल्या ग्रँट गेल नावाच्या प्राध्यापकाने तो विषय वर्गात आणला आणि नॉइसला वेड लावलं. पुढे त्याने एमआयटीतून डॉक्टरेट केली आणि १९६८ मध्ये गॉर्डन मूरबरोबर इंटेल काढली. हॉस्टेलवाल्यांनी याच्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. हॉस्टेलच्या पार्टीसाठी त्याने एका शेतातून डुक्कर पळवलं आणि त्यापायी एका सत्रासाठी कॉलेजने त्याला घरी पाठवलं! (रेक्टर सरांनी हा परिच्छेद वगळून वाचावा.)

याच ग्रिनेलचा थॉमस चेक, १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजची जेनिफर डाउडना, २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल. चेकने तर १९९९ मध्ये लेख लिहून मांडलं, की संख्येच्या मानाने पाहिलं तर विज्ञानात पीएचडीपर्यंत जाणारे विद्यार्थी घडवण्यात ही छोटी कॉलेजं मोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या पुढे आहेत.

'बरं, सायन्स ठीक. पण इंजिनिअरिंग?' तेही काही ठिकाणी आहे. स्वार्थमोरला आहे, लाफायेटला आहे. मुलींच्या स्मिथ कॉलेजात १९९९ मध्ये सुरू झालं. अमेरिकेतल्या महिला कॉलेजांत ते पहिलंच, आणि २००४ मध्ये तिथली पहिली तुकडी बाहेर पडली. हार्वी मड हे १९५५ चं कॉलेज तर विज्ञान-इंजिनिअरिंगचंच, तरीही स्वतःला लिबरल आर्ट्स म्हणवतं. तिथे १९६३ पासून 'क्लिनिक' चालतं. कंपनीने खरा अडलेला प्रश्न द्यायचा आणि विद्यार्थ्यांच्या टीमने वर्षभर तो सोडवायचा. आता आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टकडे वळून बघा. कुठल्या गल्लीत रेडीमेड मिळतो, बाइंडिंग काळं की निळं... असो!

'बाजूचे विषय म्हणजे टाइमपास' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्यांना मी आपल्याच माणसाचं नाव सांगेन. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, पदवी १९२९ ची, हार्वर्ड कॉलेजची. गणिताचा माणूस, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे टीआयएफआरमध्ये गेला. याच माणसाने जुनी नाणी तराजूवर तोलून, वापराने ती किती झिजली याचं संख्याशास्त्र मांडून त्यांचा काळ ठरवायची वाट काढली, संस्कृत ग्रंथ संपादित केले आणि भारताच्या इतिहासाकडे बघायची नजर बदलली. हार्वर्ड हे काही छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज नव्हे. पण विषयांच्या भिंती न मानणारं शिक्षण काय करतं, याचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला तरी माहीत नाही. नुसतं गणित येणाऱ्याला नाण्यांचं काही सुचलं नसतं, आणि नुसता इतिहास येणाऱ्याला ते तोलायचं सुचलं नसतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई त्या कॉलेजांची एजंट आहे! तेव्हा आता दुसरी बाजू. सगळ्यांत आधी पैसा. या कॉलेजांत राहण्या-जेवणासकट वर्षाचा छापील खर्च ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो. रुपयांत पाऊण कोटीच्या आसपास. वर्षाला! विल्यम्स-ॲमहर्स्टसारखी कॉलेजं मार्क पाहून स्कॉलरशिप देत नाहीत, घरची परिस्थिती पाहून मदत देतात. ग्रिनेल-ओबरलिन हुशारीवरही देतात. पण भारतातून अर्ज करणाऱ्याने एक नीट समजून घ्यावं. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला घेताना तो किती मदत मागतोय हे बघतात. ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच कॉलेजं ते न बघता प्रवेश ठरवतात. म्हणजे जास्त मदत मागितली की दार अरुंद होतं.

दुसरं, गाव. काही कॉलेजं अशा ठिकाणी आहेत की संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर फक्त बर्फ भेटतो. सतराशे माणसांत चार वर्षं काढायची म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. तिसरं, विषयांची निवड. छोट्या विभागात पुढच्या पातळीचे इलेक्टिव्ह कमी असतात. ज्याला आठव्या इयत्तेपासून एरोस्पेसच करायचंय, त्याने उगाच इकडे येऊ नये. त्याच्यासाठी मोठी युनिव्हर्सिटीच बरी. तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं कोलंबियासारख्या ठिकाणी इंजिनिअरिंग, अशी 'थ्री-टू' सोय काही कॉलेजांत आहे. पण त्यात पाच वर्षांचा खर्च आहे, आणि चौथ्या वर्षी सगळी मित्रमंडळी मागे टाकून जायचं आहे.

आणि चौथी गोष्ट त्या पंधरवड्यातलीच. बऱ्याच लिबरल आर्ट्स कॉलेजांत 'अर्ली डिसिजन दोन' नावाची आणखी एक खिडकी असते. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीत, आणि पुन्हा तीच साखरपुड्याची सही. स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल, कार्लटन अशा अनेकांकडे ती आहे. डिफर झालेल्या पोराला हे फार मोहात पाडतं. एकाने झुलवत ठेवलं ना, मग दुसरा पटकन होकार देतोय तर द्या हात! पण राग शांत व्हायच्या आत केलेलं लग्न आणि हे यात फारसा फरक नाही. शिवाय एकदा सही केली की दोन कॉलेजांनी देऊ केलेली मदत शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ज्यांच्या घरी पैशाचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा सगळ्यांत मोठा. ज्याला ते कॉलेज डिफर व्हायच्या आधीपासून मनापासून आवडत होतं आणि खर्चाचा हिशेब घरी नीट बसलाय, त्याने जरूर सही करावी. बाकीच्यांनी नको.

मग निवडायचं कसं? मी माझ्या मामेबहिणीला एकच कसोटी सांगितली होती आणि आजही तीच सांगेन. यादीतल्या प्रत्येक कॉलेजासमोर उभं राहून स्वतःला विचारायचं : समज, मार्चमध्ये त्या पहिल्या युनिव्हर्सिटीने 'ये' म्हटलं, तर या कॉलेजला मी एका मिनिटात विसरेन का? उत्तर 'हो' असेल तर ते नाव आत्ताच खोडायचं. कारण तो ताकाचा पेला आहे, आणि तू मनातून दूधच पिते आहेस. पण उत्तर 'थांब, तेव्हा मला खरंच विचार करावा लागेल' असं असेल, तर ते नाव ठेवायचं. असं कॉलेज मग डिफर झाल्यामुळे निवडलेलं राहत नाही. डिफर होणं हे फक्त त्याची ओळख व्हायचं निमित्त.

तिची मूळ यादी नऊ नावांची होती. या कसोटीनंतर चार उरली. तिने डिफर केलेल्या युनिव्हर्सिटीलाही पत्र पाठवलं, अजून इच्छा आहे म्हणून कळवलं, सहामाहीचे मार्क पाठवले. तेही करावंच, त्यात कमीपणा नाही. पण एकदाच आणि थोडक्यात. अर्ली डिसिजन दोनची सही मात्र केली नाही, कारण मामाला आकडे शेजारी ठेवून बघायचे होते. मार्चअखेर जुन्या युनिव्हर्सिटीचा नकार आला. चारपैकी दोन छोट्या कॉलेजांचे होकार आले. त्यातल्या ज्याने जास्त मदत दिली त्या ओहायोतल्या कॉलेजात ती गेली. तिथे पहिल्याच उन्हाळ्यात तिला फिजिक्सच्या लॅबमध्ये काम मिळालं, आणि सोबत ती संगीताचा इतिहास शिकली. सगळं गोडच आहे असं नाही. थंडीत रडते, गावात धड भाजी मिळत नाही म्हणून वैतागते. मामाला ऑफिसात अजूनही कॉलेजचं नाव दोनदा सांगावं लागतं! पण फोनवर ती 'माझं खरं तर तिकडे व्हायचं होतं' असं एकदाही म्हणत नाही. मला यातच सगळं आलं.

कारण हे वाक्य मी आपल्या हॉस्टेलवर रोज ऐकते. 'खरं तर मी आयआयटीत असायला हवा होतो, तीन मार्कांनी गेलं.' 'खरं तर मला आयटी हवं होतं, सिव्हिल गळ्यात पडलं.' तिसरं वर्ष सरत आलं तरी माणसं मनाने अजून पहिल्या राउंडच्या रांगेत उभी आहेत. आपल्या प्रवेशांमध्ये 'फ्लोट' नावाचा पर्याय असतो ना? सीट घेऊन ठेवायची पण वरच्याची वाट बघत राहायचं. प्रवेशापुरतं ते शहाणपणाचं आहे. पण प्रवेश संपल्यावरही वर्षानुवर्षं 'फ्लोट' राहणारे आपल्यात किती आहेत, मोजा एकदा. अशा माणसाला लायब्ररी दिसत नाही, एखादे चांगले सर दिसत नाहीत, सिव्हिलमधलं सौंदर्य तर नाहीच दिसत. हॉस्टेलमधली चार वर्षं ही त्याची वेटिंग रूम असते.

आपल्याकडे विषय बदलायची, इतिहास आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकायची सोय फारशी नाही हे खरं. ती तक्रार रास्त आहे आणि ती आपण करत राहायला हवी. पण लायब्ररीत इंजिनिअरिंगशिवायची जी कपाटं आहेत, त्यांच्यातली पुस्तकं काढायला कुणी मनाई केलेली नाही. दोन विद्यार्थी आणि एक सर अशी आठवड्याला एक तास बैठक भरवायला विद्यापीठाचं सर्क्युलर लागत नाही. आणि स्टाफपैकी कुणी 'चला, माझ्या केबिनमध्ये या' म्हटलं, तर पहिलं नाव माझं लिहावं.

राहता राहिला आईचा ताकाचा मुद्दा. ताक म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं दूध, असं समजणारा माणूस दूधही वाया घालवतो आणि ताकही. ताकाला विरजण लागतं, रात्रभर थांबावं लागतं, घुसळावं लागतं. ती वेगळी वस्तू आहे आणि लोणी त्यातूनच निघतं. ज्या कुणाच्या भावंडाला येत्या डिसेंबरात ते 'डिफर्ड'चं पत्र येईल, त्याने त्याला एवढंच सांगावं : आज रड, उद्या जेव, आणि परवा यादी करायला बस. यादी करताना ते पत्र मात्र दुसऱ्या खोलीत ठेव.